शनिवारची डॉगफाइट आणि शेजारचा ग्लास: चालतं का?

शेपटीमागे
नमस्कार मंडळी. आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे. शनिवारी रात्री डीसीएसवर, म्हणजे संगणकावरच्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरवर (सिम), एकत्र उडतो. बहुतेक जण हॉर्नेटवर (अमेरिकी नौदलाचं, जहाजावरून उडणारं), दोघं दोन आसनी टॉमकॅटमध्ये, आणि एक संथ ए-१० वाला, जो लढाईला कधीच वेळेवर पोचत नाही. ज्याला घ्यायची तो घेतो, ज्याला नाही तो नाही, असं इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं. मागच्या शनिवारी एकाने प्रस्ताव मांडला की मिशन सुरू झाल्यापासून सगळे उतरेपर्यंत कुणीही ग्लासाला हात लावायचा नाही. झालं, ग्रुपमध्ये उभी फूट.

माझं मत सांगतो. एक पेगपर्यंत माझा हात उलट सुधारतो. एरवी मी स्टिक इतकी घट्ट धरतो की गनसाइटचा ठिपका समोरच्या विमानावर टिकतच नाही, नुसता नाचतो. थोडी घेतली की मनगट सैल होतं आणि ठिपका बसतो. दुसऱ्या पेगनंतर मी वाहवत जातो, हेही मान्य.

तर प्रश्न असे: थोडी घेतल्यावर नेम सुधारतो यात काही तथ्य आहे की नुसता भास? आणि तुमच्या ग्रुपमध्ये काय पद्धत आहे? उपदेश नकोत, अनुभव हवेत.

फुकट_सल्ला
पुढच्या रांगेत जागा धरून बसलो आहे. धागा शंभरी गाठणार.

कोरडा_ढग
मी घेतच नाही, त्यामुळे अनुभव फक्त समोरच्या बाजूचा. शनिवारी रात्री साडेअकरानंतर सर्व्हरवर जे मिळतात ते सगळे सरळ रेषेत उडणारे असतात. माझ्या स्कोअरची निम्मी कमाई तिथलीच. कृपया कुणीही काहीही बंद करू नये.

वारुळातली_मुंगी
@कोरडा_ढग, हहपुवा :)) तो सरळ रेषेतला बहुतेक मीच.

तिसरी_तार
शेपटीमागे, तुम्ही हॉर्नेटवाले आहात म्हणून विचारतो, परत उतरता कुठे? धावपट्टीवर की जहाजावर? कारण सगळं उत्तर तिथेच आहे.

डॉगफाइटमध्ये, म्हणजे विमानांच्या जवळून लढाईत, चूक केली तरी समोरचाही चुकलेला असू शकतो. जहाज चुकत नाही. शेवटच्या पंधरा-वीस सेकंदांत तीन गोष्टींवर एकदम नजर हवी: जहाजावरच्या, उतरण्याची उंची दाखवणाऱ्या लेन्समधला दिवा मधोमध आहे का, मध्यरेषेवर आहोत का, आणि अँगल ऑफ अटॅक (पंखांचा समोरच्या हवेशी कोन) ८.१ च्या आसपास आहे का. त्यात डेक तिरका असल्यामुळे मध्यरेषा सारखी उजवीकडे सरकत असते, म्हणजे एकदा जुळवलं आणि विसरलं असं नाही. थोडी घेतल्यावर मला यातल्या दोन गोष्टी उत्तम जमतात. कुठल्या दोन, ते मात्र दर वेळी बदलतं. दिवा मधोमध धरून बसलो की बाजूला सरकतो, मध्यरेषा पकडली की वेग पडतो. आणि त्या वेळी वाटत असतं की काय सुंदर उतरतोय आपण!

शिवाय वास्तवाची एवढी हौस असेल तर हेही ऐका. अमेरिकी नौदलाची जहाजं १ जुलै १९१४ पासून कोरडी आहेत. जनरल ऑर्डर ९९. सलग ४५ दिवस समुद्रावर काढले तर माणशी दोन बिअर मिळतात, त्याही परवानगीने. तेव्हा हॉर्नेटमध्ये बसून ग्लास हातात घेणं हे नियमात बसत नाही. शर्टाची बटणं सैल करून स्पिटफायर उडवणाऱ्यांचं वेगळं.

जुना_खेळ्या
तिसरी_तार, वास्तवाचंच म्हणत असाल तर मी आयएल-२ वाला आहे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं सोविएत विमान. ऑगस्ट १९४१ मध्ये सोविएत संरक्षण समितीने आघाडीवरच्या सैनिकाला रोज शंभर ग्रॅम व्होडकाचा हुकूम काढला. त्यात लढाऊ मोहिमांवरचे वैमानिक आणि विमानतळावरचे तंत्रज्ञही होते. त्यामुळे माझा ग्लास ऐतिहासिकदृष्ट्या अचूक आहे. कॉकपिटचा एक भाग समजा.

गंमत सोडा. मी फाल्कन ४.० या जुन्या सिमच्या काळापासून, म्हणजे १९९८ पासून, या नादाला लागलेला माणूस आहे. तेव्हा रडार लावायलाच अर्धा तास पुस्तक वाचावं लागे. पोरं लहान होती, रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून बसायचो. आता गुडघे कुरकुरतात, दोस्त वेगवेगळ्या देशांत आहेत, आणि शनिवारची ती दोन तासांची बैठक हीच आमची भेट. त्यात विमानं आहेत हा योगायोग. उद्या नियम केला की विमान उडवताना घ्यायची नाही, तर आमच्यातले तिघं येणार नाहीत. मला पाडापाडीत रस उरलेला नाही. कोण कुठे आदळला यावर हसण्यात आहे.

घारपाखरू
जुना_खेळ्या काका, तुमचं पटतं, पण मग ते तुमच्या ग्रुपचं. शेपटीमागे यांच्या ग्रुपमध्ये ज्याने प्रस्ताव मांडला त्याची बाजू मी मांडते, कारण आमच्याकडे मिशन मी बनवते.

आठ लोकांचं मिशन म्हणजे एडिटरमध्ये दोन-तीन संध्याकाळी जातात. कुणाचं इंधन कुठे संपणार, हवेत इंधन देणारा टँकर कुठे फिरणार, जमिनीवरच्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांची (सॅम) रडारं कधी जागी होणार, सगळं मांडायचं. मग त्या रात्री चौघं टँकरमागे रांगेत, आणि पाचवा, ज्याची तिसरी चालू आहे, तो वेग न आवरता सगळ्यांमधून आरपार जातो. टँकर गेला. दोघं तिथेच गेले. उरलेल्यांचं इंधन लक्ष्यापर्यंत पुरत नाही. तो स्वतः पॅराशूटला लटकून रेडिओवर खिदळतोय. बाकीच्यांचा पाऊण तास पाण्यात.

त्याचा नेम सुधारला की बिघडला हा प्रश्नच नाही. त्याच्या ग्लासाची किंमत इतर सात जणांनी का मोजायची, हा आहे.

रच्याकने, मी स्वतः हेलिकॉप्टरवाली. ह्युई घेऊन एका जागी तरंगत राहणं हीच माझ्या लेखी सगळ्यात कडक चाचणी. मला अर्धी बिअरही त्यात कळते.

फुकट_सल्ला
घारताई, पॅराशूटला लटकून खिदळणारा कोण होता ते आयडीसकट सांगा, आम्हाला इतर धाग्यांवर उपयोग होईल.

घारपाखरू
तो हा धागा वाचतोय. त्याला कळलंय.

वारुळातली_मुंगी
… :|

पेडलवाला
चर्चा थोर चालली आहे, पण मुद्द्याची गोष्ट कुणी बोलेना. ग्लास ठेवता कुठे?

मी स्टिक, थ्रॉटल, पेडल दुरुस्त करून देतो, हौस म्हणून. माझ्याकडे येणाऱ्या मृत थ्रॉटलांपैकी बऱ्याच जणांचं मरण बुडूनच. काही गोष्टी लक्षात ठेवा. ग्लास नेहमी उपकरणांच्या पातळीपेक्षा खाली, आणि स्टिक धरता त्या हाताच्या बाजूला कधीच नको, कारण डॉगफाइटमध्ये तोच कोपर उडतो. झाकणाची बाटली सगळ्यात उत्तम. साखर असलेलं पेय हे नुसत्या दारूपेक्षा वाईट. दारू उडून जाते, साखर बटणांच्या खाली चिकटून बसते आणि महिन्याभराने ट्रिगर अडकायला लागतो. चुंबकीय हॉल सेन्सर असेल तर मोजणी सहसा वाचते, कारण तिथे घासणारं काही नसतं. जुना पोटेन्शिओमीटर असेल तर वाचन थरथरू लागतं आणि विमान आपोआप डावीकडे ओढतं.

सांडलीच तर आधी केबल काढा. उपडं करा. पुसा, उघडता येत असेल तर उघडा, डिस्टिल्ड पाण्याने साखर काढा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पूर्ण वाळल्याशिवाय केबल लावू नका.

कोरडा_ढग
म्हणजे अल्कोहोलने बिघडतं आणि अल्कोहोलनेच दुरुस्त होतं.

पेडलवाला
ते आयसोप्रोपिल आहे हो. पिऊ नका, कुणीतरी पिईल म्हणून आधीच लिहून ठेवतो.

सैलकाच
या विषयावर एक अवांतर. विमानांनाही घेण्याची सवय होतीच. जर्मन बीएफ-१०९ च्या शेवटच्या मॉडेलांत एमडब्ल्यू-५० असायचं, साधारण निम्मं मिथेनॉल आणि निम्मं पाणी. ते सुपरचार्जरमध्ये (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) फवारलं की मिश्रण थंड होतं, इंधन अवेळी पेटून ठोकेबाजी न होता जास्त दाब देता येतो आणि काही मिनिटं इंजिनाला जादा जोर मिळतो. सिममध्ये हे कळ दाबून मिळतं आणि विसरून चालू ठेवलं की इंजिन जातं. आणि मिग-२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स थंड ठेवायला पाणी आणि इथेनॉलचं मिश्रण वापरत. ग्राउंड क्रू त्यातलं बरंचसं स्वतःच रिचवत, इतकं की त्या विमानाला उडतं उपाहारगृह म्हणत. १९७६ च्या सप्टेंबरात सोविएत वैमानिक बेलेन्को ते विमान घेऊन पळाला आणि जपानमध्ये हाकोदातेला उतरला तेव्हा पाश्चात्त्यांना हे विमान पहिल्यांदा खोलून पाहायला मिळालं. टुपोलेव्ह-२२ ची ख्यातीही तशीच.

जुना_खेळ्या
वा. म्हणजे मिथेनॉल जर्मन विमानात आणि इथेनॉल सोविएत विमानात. कुठल्या बाजूने लढायचं ते माझं ठरलं.

फुकट_सल्ला
मिथेनॉल प्यायलं तर डोळे जातात, पण तुमचं उडवणं पाहता फरक पडेल असं नाही. (कृपया हलके घ्या)

खरंच_उडवतो
मी पोटासाठी उडवतो, आणि घरी आल्यावर परत सिम उडवतो. बायको म्हणते डोकं तपासून घे.

अमेरिकेच्या नियमात दारूनंतर ८ तास आणि रक्तात ०.०४ टक्क्यांपेक्षा कमी. ब्रिटनमध्ये वैमानिकाची मर्यादा आणखी कडक, १०० मिलीलीटर रक्तात २० मिलिग्रॅम. बऱ्याच कंपन्यांचे स्वतःचे नियम याहून कठोर असतात. यातला आकडा हा सुरक्षिततेचा दाखला नव्हे. १९७३ मध्ये बिलिंग्ज आणि सहकाऱ्यांनी खऱ्या सेस्ना-१७२ मध्ये, शेजारी सेफ्टी पायलट बसवून, वैमानिकांना घ्यायला लावून इन्स्ट्रुमेंट अप्रोच (बाहेर न बघता उपकरणांवरून उतरायला येणं) करायला लावले होते. ०.०४ ला सुद्धा चुका वाढल्या. त्यात रोज उडवणारे व्यावसायिकही होते.

आणखी एक. १९८६ चा येसावेज आणि लायरर यांचा अभ्यास आहे, तो तुमच्या धाग्याच्या जास्त जवळचा, कारण तो सिम्युलेटरवरच केलेला. नौदलाचे पी-३ ओरायन उडवणारे १० वैमानिक. एकदा ४८ तास कोरडे राहून उडवलं, एकदा ०.१० टक्क्यांपर्यंत पिऊन आणि नंतर १४ तास थांबून. १४ तासांनी जवळजवळ प्रत्येक मापात कामगिरी खालावलेलीच होती, काही मापांत स्पष्टपणे. म्हणजे शनिवारी रात्रीचं रविवारी दुपारीही उरतं. घरचं विमान पाडून कुणाला इजा होत नाही, पण नेम सुधारतो वगैरे म्हणण्याआधी हे वाचावं.

बाकी मी स्वतः? सुट्टीवर असलो की एक बिअर घेऊन पहिल्या महायुद्धातली विमानं उडवतो. त्यांना तसंही कुठे सरळ उडता येतं.

शेपटीमागे
खरंच_उडवतो, उत्तम माहिती, धन्यवाद. पण हे सगळे अप्रोच आणि इन्स्ट्रुमेंटचे. माझा दावा फक्त नेमाचा आहे. तीन सेकंदांचा बर्स्ट.

कानसेन
शेपटीमागे, तुमच्या बाजूने एक पुरावा देतो, मग तोच काढून घेतो.

पुरावा: १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डोपिंगसाठी बाद झालेला पहिला खेळाडू म्हणजे स्वीडनचा हान्स-गुन्नार लिलिएनवाल. आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये पिस्तुलाच्या फेरीआधी हात स्थिर राहावा म्हणून त्याने दोन बिअर घेतल्या होत्या. संघाचं ब्राँझपदक गेलं. म्हणजे थोड्या दारूने नेमबाजाचा हात शांत होतो ही समजूत तुमच्या एकट्याची नाही. काही खेळांत अल्कोहोल २०१७ पर्यंत बंदी यादीत होतं.

आता काढून घेतो. पिस्तुलवाला उभा असतो आणि लक्ष्यही उभं असतं. तुमचं लक्ष्य वळतंय, तुम्ही वळताय, आणि डोळ्यांनी त्याचा पाठलाग करायचा आहे. अल्कोहोलने हलत्या वस्तूचा सलग पाठलाग करणारी नजर बिघडते, ती अडखळत उड्या मारत जाते. आणि एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवायची क्षमता साध्या प्रतिक्रियेच्या वेगाआधी ढासळते. वर तिसरी_तार यांनी दोनच गोष्टी जमतात म्हणून लिहिलं, ते तंतोतंत हेच. हात शांत वाटतो कारण काळजी कमी झालेली असते. काळजी कमी झाल्याचा फायदा नेमाला होतोही कदाचित, पण मागे कोण आहे याचीही काळजी कमी होते.

मी कान-नाक-घसावाला, त्यामुळे कानाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये द्रव असतो आणि त्यात क्युप्युला नावाचा मऊ पडदा. दोघांची घनता सारखी, म्हणून नुसत्या गुरुत्वाकर्षणाने तो हलत नाही, डोकं फिरवलं तरच हलतो. दारू रक्तातून आधी क्युप्युलात शिरते, द्रवात उशिरा. मधल्या काळात पडदा हलका होतो आणि आडवं पडलं की फिरल्याचा भास होतो. काही तासांनी दोन्हीकडे सारखी होते आणि बरं वाटतं. मग उतरताना क्युप्युलातून आधी निघते, पडदा जड होतो आणि उलट दिशेने फिरायला लागतं. रक्तातली दारू संपल्यावरही हे काही काळ राहतं. १९७४ मध्ये दोघा संशोधकांनी लोकांना जड पाणी पाजून पाहिलं, तर परिणाम बरोबर उलट्या दिशेने आला, कारण ते पाण्यापेक्षा जड. मला हा प्रयोग फार आवडतो.

वारुळातली_मुंगी
डॉक, म्हणजे व्हिस्कीत जड पाणी घातलं तर घर फिरणार नाही?

कानसेन
हा प्रश्न कुणीतरी विचारणार हे लिहितानाच माहीत होतं. नको.

मीच_तो_रिओ
कानाचा विषय निघालाच आहे म्हणून. मी टॉमकॅटमध्ये मागे बसतो (रिओ, म्हणजे रडार सांभाळणारा) आणि व्हीआर, म्हणजे डोळ्यांवरचा हेडसेट, वापरतो. पुढचा वैमानिक घेऊन उडवत असेल तर मागच्याचे हाल कुत्रा खात नाही. मी एक थेंब न घेता आजारी पडतो. डोळ्यांना दिसतं की आपण उलटेपालटे होतोय, कान म्हणतो खुर्चीवर बसलोय, आणि पुढे बसलेला विनाकारण बॅरल रोल मारतोय कारण त्याला आनंद झालाय. स्वतः व्हीआरमध्ये घेऊन बसायचा प्रयत्न केला होता. हेडसेटखालच्या फटीतून ग्लास शोधावा लागतो. तो सापडेपर्यंत क्षेपणास्त्र सापडतं.

सैलकाच
@मीच_तो_रिओ, नळीवाली बाटली घे.

मीच_तो_रिओ
घेतली. आता नळी नाकात जाते.

मोजपट्टी
इतका वेळ वाचत होतो. मतं पुष्कळ झाली, मोजून बघू म्हटलं. एकच मिशन बनवलं: संगणकाचं मिग-२९, तेच अंतर, तीच उंची, फक्त गन. शेवटी एअरफील्डवर परत. काही रात्री कोरड्या, काही रात्री फुंकण्याच्या मीटरवर ०.०३ ते ०.०५ च्या मध्ये. टॅकव्ह्यूमध्ये (उड्डाणाची नोंद नंतर तपासायचं सॉफ्टवेअर) सगळ्या फाइल्स टाकल्या आणि रिप्ले कॉकपिटमधूनही पाहिले.

गनचे फटके: फरक दिसला नाही. खरंच नाही. शेपटीमागे यांना अर्धा गुण द्यायला हरकत नाही, निदान बिघडलं तरी नाही.

पण बाकीचं पाहून मी चाट पडलो. कोरड्या रात्री मी लढाईत सारखा मान वळवून मागे बघतो, इंधनाकडे नजर टाकतो. घेतलेल्या रात्री समोरचं विमान दिसलं की मान जागची हलतच नाही, तो पडेपर्यंत. डाइव्हमधून बाहेर पडण्याची उंची प्रत्येक वेळी कमी. दोनदा तर डोंगराला केस पुसून गेलो आणि उडवताना मला ते कळलंही नव्हतं. रिप्लेमध्ये दिसलं. कुठल्याही घेतलेल्या रात्री मला शेजारी दुसरा शत्रू असता तर मी मेलो असतो. मिशनमध्ये दुसरा नव्हताच, म्हणून आकडे छान आले.

कानसेन
मोजपट्टीराव, दंडवत. दोन शंका. आपण घेतली आहे हे तुम्हाला माहीत होतं, तेव्हा अपेक्षेचा परिणाम आलाच. आणि घेतलेल्या रात्री उशिरा उडवलंत का? थकवा आणि दारू दोन्ही एकाच पारड्यात पडले असतील.

मोजपट्टी
उशीर मान्य. कोरड्या रात्री जेवणाआधी उडवलं होतं, घेतलेल्या रात्री साहजिकच नंतर. पुन्हा करतो. पण अपेक्षेचं काय करू? बायकोला सांगून ग्लासात काय आहे ते लपवू?

फुकट_सल्ला
बायकोला विज्ञानाच्या नावाखाली पेग भरायला लावणारा पहिला मराठी माणूस. वाचनखूण साठवली.

घारपाखरू
डोंगराला केस पुसून गेलो आणि कळलं नाही, हे वाक्य आमच्या ग्रुपला छापून पाठवते. टँकरच्या बाबतीतही हेच होतं. मागे लागताना प्रत्येक जण वेग थोडा कमीजास्त करतो. हात उशिरा चालला की दुरुस्ती उशिरा होते, मग जास्त होते, मग ती सावरायला उलटी त्याहून जास्त, आणि विमान वरखाली झुलायला लागतं. शुद्धीत असलेला माणूस तिथे हात मोकळा सोडतो, मागे येतो, पुन्हा जातो. घेतलेला भिडतो.

तिसरी_तार
+१. जहाजावरही अगदी हेच. वेव्ह ऑफ, म्हणजे उतरू नका, परत फिरा असा इशारा, मिळाल्यावर जो वाद घालतो तो नक्की घेतलेला असतो.

दुरून_डोंगर
बरेच दिवस वाचनमात्र आहे. लिहू की नको करत होतो.

वरचं सगळं मजेचं आहे आणि मीही त्यातलाच होतो. माझ्याकडे उलट झालं. आधी खेळताना कधीतरी घ्यायचो. मग घेतल्याशिवाय संगणक चालू करावासा वाटेना. मग मिशन नसलेल्या दिवशीही मिशनचं निमित्त, एकटाच, संगणकाच्या विमानांशी. घरच्यांना वाटायचं गेम खेळतोय, बरं आहे, बाहेर तरी जात नाही. गेमवर कुणी संशय घेत नाही. शेवटी डॉक्टरकडे गेलो. आता दोन्ही वेगळं केलंय, म्हणजे एक चालू आणि एक बंद. पहिले काही महिने कॉकपिटमध्ये बसलं की हात आपोआप उजवीकडे जायचा, तिथे आता पाण्याची बाटली आहे.

कुणाला शहाणपण शिकवायचं नाही. मूळ प्रश्नात अनुभव मागितले होते म्हणून.

जुना_खेळ्या
दुरून_डोंगर, लिहिलंत ते बरं केलंत. शनिवारी आमच्याकडे या, आयएल-२ वर. माझा ग्लास माझ्याकडे, तुमची बाटली तुमच्याकडे. मी मागे गनर म्हणून बसतो, माझ्याकडून कुणाला काही लागत नाही.

दुरून_डोंगर
येतो काका.

कोरडा_ढग
रेडिओबद्दल कुणी लिहिलंच नाही. मला सगळ्यात जास्त त्रास त्याचा. घेतलेल्या माणसाचं बोट बोलण्याच्या बटणावर अडकून राहतं. दहा मिनिटं त्याचा श्वास, बर्फाचा आवाज आणि मधेच गुणगुणणं. त्या काळात बाकीच्यांना कुणी क्षेपणास्त्राचा इशाराही देऊ शकत नाही. आणि मित्र की शत्रू हे विचारायची तसदी न घेता जो क्षेपणास्त्र सोडतो आणि मग 'सॉरी, कोण होतं?' विचारतो, तोही तोच.

मीच_तो_रिओ
आमच्या ग्रुपमध्ये त्यावर उपाय आहे. दोनदा स्वकीयाला पाडलं की उरलेली रात्र ए-१० मध्ये, हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रं काढून.

शेपटीमागे
धागा एवढा वाढेल असं वाटलं नव्हतं. सगळे प्रतिसाद ग्रुपवर टाकले. काल रात्री बैठक झाली (कोरडी, कारण चर्चा लांबणार हे माहीत होतं).

प्रस्ताव मांडणाऱ्याशी मी बोललो तेव्हा कळलं, त्याला कुणाच्या ग्लासाचं काही नव्हतंच. त्याने घारताईंसारखं मिशन बनवायला चार रात्री घालवल्या होत्या आणि आम्ही त्याची वाट लावली होती. त्याने हे बोलून न दाखवता सरळ बंदी मागितली, आणि आम्ही बंदीवर भांडत बसलो.

ठरलं ते असं. महिन्यातले दोन शनिवार बनवलेल्या मिशनचे. त्या दिवशी सगळे उतरेपर्यंत कुणी घ्यायची नाही, पार्किंगमध्ये इंजिन बंद झालं की मोकळे. उरलेल्या शनिवारी दुसऱ्या महायुद्धाचा सर्व्हर, हवं ते करा, पण घेतलेला माणूस लीड करणार नाही आणि त्याचं बोलण्याचं बटण कळीवर राहील, आपोआप चालू होणारं नाही. ए-१० वाल्याने विचारलं की तो लक्ष्यावर पोचेपर्यंत उतरलेली असते, मग त्याला सूट मिळेल का. रक्तातून तासाला साधारण ०.०१५ कमी होते हे कुणीतरी त्याला दाखवलं, तर म्हणतो हिशेब जुळतोय.

नेमाबद्दल: मोजपट्टी यांचे आकडे पाहून मी माझे जुने रिप्ले काढले. ठिपका बसतो, हे खरं. तो बसलेला असताना माझ्या मागे कोण बसलेलं असतं, ते बघत होतो.

मोजपट्टी
फाइल्स पाठवा, टॅकव्ह्यूत टाकतो.

घारपाखरू
त्या मिशन बनवणाऱ्याला माझा निरोप द्या, टँकरला अजरामर करायचा पर्याय एडिटरमध्ये आहे. मला तो उशिरा सापडला.

वारुळातली_मुंगी
म्हणजे आता धडकलो तर फक्त मीच मरणार? हा अन्याय आहे.

जुना_खेळ्या
एक शंका. ते टँकर उडवतो कोण?

घारपाखरू
संगणक.

जुना_खेळ्या
मग त्याने घेतली तर चालते का?